पॉइंट नाइन

फाइल जाडजूड होती आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण मात्र एका ओळीत. 'अ' समोर 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट', त्याखालच्या सगळ्या ओळी कोऱ्या. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात माझं काम कोडिंगचं. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातला, आम्ही नुसतं 'आयसीडी' म्हणतो त्यातला, कोड त्याला द्यायचा. 'अरेस्ट' टाइप केलं की संगणक लगेच आय ४६.९ पुढे करतो : हृदयक्रिया बंद, अनिर्दिष्ट. एंटर दाबलं की फॉर्म पूर्ण, कुठे लाल खूण नाही, फाइल कपाटात. पण हृदय एकाएकी बंद पडलेल्या माणसाची फाइल एवढी जाड नसते. म्हणून मी मागची पानं उलटायला लागले.

अशा वेळी मी आधी सिस्टरांच्या नोंदी वाचते. डॉक्टर राउंड घेऊन पुढच्या वॉर्डात जातात, सिस्टर तिथेच असतात. उजव्या अंगठ्याचं ड्रेसिंग. 'कडा काळ्या पडल्या आहेत.' दुसऱ्या दिवशी, 'वास येतो आहे.' साखर चारशेच्या वर, मग इन्सुलिन, मग पुन्हा चारशेच्या वर. रात्री थंडी वाजून ताप. पहाटे बीपी लागत नाही. 'हाक मारल्यावर डोळे उघडतात, बोलत नाहीत.' आणि एका पानाच्या कोपऱ्यात, वेगळ्या शाईत, 'सोबत नातेवाईक नाही. घरी एकट्याच राहतात.' डॉक्टरांच्या पानावर 'सेप्सिस' असा शब्द होता, त्यापुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह नंतर कोणी काढलंही नव्हतं आणि त्याचं उत्तरही दिलेलं नव्हतं.

कोडरला निदान करायची मुभा नसते. साखर कितीही दिसली तरी डॉक्टरांनी 'मधुमेह' लिहिल्याशिवाय मी मधुमेहाचा कोड देऊ शकत नाही. हा नियम रोज जाचतो आणि तरी मला तो पटतो. कारण मी एकदा अंदाजाने कोड द्यायला लागले तर कागदावर राहील तो माझा अंदाज, आणि पुढे कुणालाच कळणार नाही की तो अंदाज होता. तेव्हा मी डॉक्टरांना क्वेरी पाठवली. संध्याकाळी रेसिडेंट डॉक्टर स्वतःच खाली आला, डोळे तारवटलेले, गळ्यात स्टेथोस्कोप तसाच. फाइल पाहिली आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, पण हृदय बंद पडूनच गेल्या ना त्या?"

बरोबरच होतं त्याचं. सगळेच तसे जातात.

"डॉक्टर," मी म्हटलं, "हृदय का बंद पडलं ते खालच्या ओळीत लिहा. आणि ते कशामुळे झालं, ते त्याच्या खाली." तो खुर्ची ओढून बसला. त्या बाईंवर त्यानेच उपचार केले होते, त्याला सगळं तोंडपाठ होतं. सेप्टिक शॉक, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरून रक्तदाब कोसळणं. त्याखाली पायाचं गँगरीन. त्याखाली टाइप २ मधुमेह. शेवटच्या ओळीवर त्याचं पेन क्षणभर थांबलं. मधुमेहाने बाई गेल्या असं लिहिणं त्याला विचित्र वाटत असावं, कारण शेवटच्या रात्री तो मधुमेहाशी झगडत नव्हता, रक्तदाब वर आणायला झगडत होता. पण दाखला विचारतो तो प्रश्न वेगळा आहे. शेवटी काय झालं हे तो वरच्या ओळीत विचारतो आणि मग एकेक पायरी खाली उतरायला लावतो, ज्या आजाराने हे सगळं सुरू केलं तिथपर्यंत. देशाच्या आणि जगाच्या मृत्यूंच्या आकडेवारीत मोजलं जातं ते हे मूळ कारण. आय ४६.९ च्या जागी ई ११.५ आला : टाइप २ मधुमेह, रक्ताभिसरणाच्या गुंतागुंतीसह. दाखला अजून नोंदणीकडे गेला नव्हता म्हणून हे जमलं.

त्या रात्रीपासून मनात सलतंय ते त्याची घाई नाही. एवढ्या खाटा आणि एवढे थोडे हात असताना घाई होणारच. सलतंय ते हे, की ती पहिली ओळ खोटी कुठेच नव्हती. कुणालाही आक्षेप घेता आला नसता. बाई हृदयाच्या हिशेबात गेल्या असत्या आणि मधुमेही पायाच्या जखमांकडे वेळेत पाहणारी माणसं नेमायची की नाही हे ठरवणाऱ्याच्या टेबलावर त्यांचा एक आकडा कमी पडला असता. असे किती कमी पडत असतील?

मृत्यूची कारणं मोजायचा खटाटोप जुना आहे, आणि हा प्रश्नही तितकाच जुना. लंडनच्या जॉन ग्राँटने १६६२ साली शहराच्या मृत्यूंच्या याद्यांवर पुस्तक लिहिलं. तो ना डॉक्टर ना गणिती, शिवणकामाच्या सामानाचा व्यापारी. त्यात त्याने १६३२ सालची यादी नमुन्यादाखल छापली आहे. ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मध्येच थांबून पुन्हा वरून वाचायला लागले होते. 'अचानक' : ६२. 'ग्रहबाधा' : १३. 'दात' : ४७०. दात येण्याच्या वयात गेलेली ती तान्ही बाळं असणार. गेली कशाने ते कुणाला माहीत नव्हतं, दिसत होते ते हिरड्यांतून वर येणारे दात. आणि 'शोक' : ११. अकरा माणसं शोकाने गेली असं कुणीतरी घरात जाऊन, प्रेत पाहून, घरच्यांशी बोलून नोंदवलं होतं. हे काम बहुधा वयस्कर बायकांकडे असे, त्यांना सर्चर म्हणत. वैद्यकाचं शिक्षण काहीच नाही. पण मला त्या बायकांबद्दल आदर वाटतो. त्या घरात जाऊन बघत होत्या. माझ्यापर्यंत नुसता कागद येतो.

ग्राँटला मात्र त्यांच्या नोंदींवर शंका होती, आणि ती कुठे घ्यावी हेही त्याला कळलं होतं. गुप्तरोगाने गेलेल्यांची संख्या यादीत अगदीच थोडी दिसत होती. ज्यांचं नाक झडून गेलं आहे किंवा जे सगळ्यांना नकोसे झाले आहेत तेवढेच त्या सदरात येतात, बाकीचे व्रण आणि जखमांमध्ये घातले जातात, असं त्याने लिहून ठेवलं. एखादा प्याला आणि थोडे पैसे मिळाले की सर्चर बाई दुसरं काहीतरी लिहून टाकते, हेही. माझ्या खिडकीवर कुणी प्याला घेऊन येत नाही, पण येतात. मुलाने जीव दिलेला असतो आणि वडील काचेपलीकडून हळू आवाजात विचारतात, की ते तसंच लिहायलाच हवं का. एक बाई नवऱ्याच्या कागदावरचं 'एचआयव्ही' बोटाने झाकून उभी होती. अशा वेळी मला आकडेवारीचं महत्त्व सांगावंसं वाटत नाही. ते महत्त्व खरं आहे आणि समोरचं दुःखही खरं आहे. कोड मी बदलत नाही. मी त्यांना बसायला सांगते, कागद कुणाकुणाच्या हातात जातो ते नीट समजावते, आणि मनातून पुरती हललेली असते.

पुढचा इतिहास कोडिंग शिकताना सगळ्यांना पाठ करावा लागतो. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयाच्या पहिल्या वार्षिक अहवालात तक्रार केली, की एकाच आजाराला तीन-चार नावं आहेत, एकच नाव तितक्याच वेगवेगळ्या आजारांना लावलं जातं, आणि मूळ आजार सोडून त्याच्या गुंतागुंतीच तेवढ्या नोंदवल्या जातात. हे वाक्य मी उद्या क्वेरीत जसंच्या तसं पाठवू शकते. १८५३ मध्ये ब्रुसेल्सला सांख्यिकी परिषद भरली तेव्हा सर्व देशांना चालेल अशी यादी करायचं काम विल्यम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पिन यांच्याकडे आलं. दोघांनी दोन वेगळ्या याद्या आणल्या. फारने शरीराच्या जागेला बरंच महत्त्व दिलं होतं, देस्पिनने आजाराच्या प्रकृतीला. १८५५ मध्ये पॅरिसला तडजोड होऊन १३९ सदरांची यादी ठरली. १८९३ मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जॅक बर्तियोंने शिकागोत आपलं वर्गीकरण मांडलं आणि ते देशोदेशी उचललं गेलं. १९४८ मध्ये ते नव्या जागतिक आरोग्य संघटनेकडे आलं, आणि त्या सहाव्या आवृत्तीत पहिल्यांदा जिवंत माणसांचे आजारही त्यात सामील झाले. तोवर या पुस्तकात यायचं तर मरावं लागे.

फार आणि देस्पिनचा वाद मिटलेला नाही, आम्ही तो रोज हाताळतो. दहाव्या आवृत्तीत क्षयाच्या मेंदूज्वराला दोन कोड आहेत. ए १७.० कारणासाठी, त्याच्या डोक्यावर कट्यारीची खूण. जी ०१ जागेसाठी, त्याच्या डोक्यावर चांदणी. क्षयाचा डॉक्टर एका टोकाने शोधेल, मेंदूचा दुसऱ्या टोकाने, दोघांना रुग्ण सापडला पाहिजे. मला ही कट्यार-चांदणीची जोडी पहिल्या दिवसापासून आवडते. शोधायची रीतही शिकावी लागते. शब्दावरून कोड सांगणाऱ्या सूचीत अवयव शोधायचा नाही, आजार शोधायचा. मूत्रपिंडाखाली काही मिळणार नाही, 'खडा' शोधा आणि त्याखाली मूत्रपिंड. मग सूचीवर विश्वास न ठेवता मुख्य यादीत जाऊन, 'यात हे धरलेलं नाही' अशी बारीक टीप वाचून, मगच कोड टाका. आम्ही शिकलो तेव्हा तीन जाड खंड होते आणि सूचीच्या खंडाची पानं बोटांनी काळपटलेली. आता शोध पडद्यावर होतो, पण मुख्य यादी पडताळायची सवय ज्यांची सुटली त्यांचं काम मला लगेच ओळखू येतं.

दशांशानंतरच्या दोन आकड्यांनी मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं. बहुतेक ठिकाणी पॉइंट आठ म्हणजे 'इतर, निर्दिष्ट'. डॉक्टरांनी आजार नीट लिहिला आहे, पण पुस्तकात त्याच्यासाठी वेगळी जागा नाही. आणि पॉइंट नऊ म्हणजे 'अनिर्दिष्ट', पुस्तकात जागा असेलही, पण कोणत्या जागी घालायचं ते कागद सांगत नाही. आठ आला तर उणीव पुस्तकाची, नऊ आला तर आमच्या बाजूची. न्यूमोनियाचा जे १८.९ मी इतक्या वेळा टाकला आहे की बोटांना तो न बघता येतो. जंतू कोणता, थुंकी तपासायला गेली होती का, अहवाल आला का, आला असेल तर फाइलला लागला का? या चारांपैकी कुठेही धागा तुटला की नऊ.

आणि त्या नऊमध्ये दोन अगदी निराळी माणसं शेजारीशेजारी बसतात. एक डॉक्टर, ज्याने सगळं तपासलं, डोकं खपवलं, आणि शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं की कारण समजलं नाही. दुसरा, ज्याला सगळं माहीत होतं आणि लिहायला वेळ झाला नाही. पहिल्याचं न कळणं मौल्यवान आहे. अशी न कळलेली शंभर प्रकरणं एकत्र आली तर कुणीतरी विचारेल की हे काय चाललंय. दुसऱ्याचं न लिहिणं त्या शंभरांत मिसळलं की तो प्रश्न बुजून जातो. मृत्यूंचा जागतिक हिशेब मांडणारे संशोधक अशा निरुपयोगी कोडांना सरळ 'गार्बेज कोड' म्हणतात आणि गणिताने ते इतर कारणांत वाटून टाकतात. ते त्यांना करावंच लागतं. पण कचरा म्हटल्या गेलेल्या त्या कोडमागची जाडजूड फाइल मी हातात धरलेली असते, म्हणून तो शब्द ऐकला की मला अजूनही लागतं.

२०२० मध्ये हे सगळं एकदम उघड्यावर आलं. दहाव्या आवृत्तीत 'यू' या अक्षराखालची जागा मुद्दाम राखून ठेवलेली होती, अजून नाव नसलेल्या आजारांसाठी. कोविडला त्यातले दोन कोड मिळाले. यू ०७.१ : विषाणू तपासणीत सापडला. यू ०७.२ : लक्षणं आणि संसर्गाचा संबंध जुळतो, पण तपासणी झाली नाही किंवा तिने काही सांगितलं नाही. दोन्हींची गरज मला कळत होती आणि तरी ते टाकताना बरं वाटत नसे. एकाच वॉर्डात, एकाच खोकल्याने गेलेली दोन माणसं. एकाच्या नाकात काडी घातली गेली, दुसऱ्याच्या वेळी किट संपलेले होते. पण ०७.२ नसता तर त्या दुसऱ्या माणसाचा न्यूमोनिया जे १८.९ मध्ये गेला असता आणि साथीतून तो बाहेरच पडला असता. त्या दिवसांत मला कोडची किंमत नव्याने कळली. तपासणीचं साधन कुठे पोचलं नाही हेसुद्धा तो एक आकडा सांगू शकत होता.

या पुस्तकाची सत्ताही लहान नाही. समलैंगिकता आजारांच्या यादीतून बाहेर आली ती दहाव्या आवृत्तीला मंजुरी मिळाली तेव्हा, १७ मे १९९० ला. त्याआधी काम करणारा माझ्यासारखाच एखादा कोडर निरोगी माणसाच्या नावासमोर आजाराचा आकडा टाकत होता आणि त्याच्या दृष्टीने फॉर्म बरोबर भरत होता. अकराव्या आवृत्तीत 'म्हातारपण' अशी नोंद यायची होती. जगभरच्या ज्येष्ठांनी आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांनी विरोध केला, म्हातारपण हा आजार ठरला तर आमचे खरे आजार कोण शोधेल असं विचारलं, आणि तो शब्द मागे घेतला गेला. मला हा विरोध मनापासून पटला. 'वय झालं होतं' असं लिहून बंद केलेल्या फाइलींमध्ये न तपासलेलं किती असतं ते मी पाहिलेलं आहे. उलट पक्षाघात बऱ्याच वर्षांनी आपल्या जागी आला आहे. दहाव्या आवृत्तीत तो रक्ताभिसरणाच्या आजारांत होता, अकराव्यात मज्जासंस्थेच्या प्रकरणात आहे. वरवर पाहता नुसतं प्रकरण बदललं, पण मेंदूच्या आजारांवर किती खर्च व्हावा याचं गणित त्याने बदलतं.

पैशाचं गणितही आहेच. जिथे रुग्णालयाला मिळणारी रक्कम कोडवरून ठरते तिथे कोड जड व्हायला लागतात. साधं जुलाबाचं निदान निर्जलीकरणासह, मूत्रपिंडाच्या इजेसह लिहिलं जातं. कधी ते खरं असतं आणि आधी कुणी लिहीत नव्हतं, कधी नसतं. ज्या निदानाला पैसे जोडलेले नाहीत ते मात्र सहसा कुणी लिहीत नाही.

म्हणून 'झेड'ची पानं ओस पडलेली असतात. हे प्रकरण आजारांचं नाही, आजाराच्या आजूबाजूला असणाऱ्या परिस्थितीचं आहे. झेड ५९.० : राहायला घर नाही. झेड ५६ : नोकरीच्या अडचणी. झेड ६३.४ : घरातलं माणूस नाहीसं होणं किंवा जाणं. झेड ६०.२ : एकटं राहणं. ज्यांनी ही प्रकरणं लिहिली त्यांना माणूस कशाने आजारी पडतो याची पुरती जाण होती असं मला प्रत्येक वेळी वाटतं. पायाची जखम स्वतःला दिसत नाही, वाकून तळवा पाहता येत नाही, आणि पाहायला घरात दुसरं कुणी नाही. साखरेइतकंच हेही त्या जखमेचं कारण. डॉक्टर झेडचं निदान लिहीत नाहीत कारण त्यावर गोळी नाही. सिस्टर लिहितात, कोपऱ्यात, वेगळ्या शाईत. आमच्याकडे अशी सामाजिक माहिती सिस्टरांच्या नोंदीवरून घ्यायला परवानगी आहे. सगळे कोडर घेत नाहीत, वेळ लागतो आणि कुणी विचारत नाही. मी घेते. वर्षाअखेरीस वॉर्डाच्या अहवालात झेड ६०.२ ची ओळ पुरेशी लांब झाली तर घरी सोडताना ड्रेसिंगसाठी माणूस पाठवायचा मुद्दा मांडायला वॉर्डाच्या मुख्य सिस्टरांच्या हातात काहीतरी असतं. मागच्या बैठकीत त्यांनी तो मांडला.

आता अकराव्या आवृत्तीचं प्रशिक्षण चालू आहे. १ जानेवारी २०२२ पासून ती लागू आहे, पण व्यवहारात ती यायला प्रत्येक ठिकाणी आपापला वेळ लागतो. नव्या कोडांत 'ओ' आणि 'आय' ही अक्षरं शून्य आणि एक यांच्यात गल्लत होऊ नये म्हणून गाळली आहेत, आणि घाईत लिहिलेलं हस्ताक्षर वाचून डोळे थकलेल्या माणसाला हे कुणीतरी आठवणीने केलं याचं बरं वाटतं. कोड एकमेकांना जोडता येतात. टाइप २ मधुमेह, तिरकी रेघ, मधुमेही पायाचा व्रण, असं एकाच ओळीत उभं करता येतं. दीर्घकाळच्या शोकालाही जागा आहे, सहा महिन्यांहून अधिक काळ माणूस त्यातून बाहेर येत नसेल तर त्याला मदत मिळावी म्हणून. त्यावर खूप वाद झाला, दुःखाला आजार का म्हणायचं म्हणून. माझं मत अजून पक्कं होत नाही. ज्यांना त्या एका कोडमुळे समुपदेशकाकडे जायला मिळेल त्यांचा विचार केला की ते हवंसं वाटतं, आणि सहाव्या महिन्यानंतर रडणाऱ्या कुणाला उद्या सहज रोगी म्हटलं जाईल या विचाराने नकोसं.

आठ आणि नऊ मात्र गेले आहेत. 'इतर, निर्दिष्ट'साठी आता कोडच्या शेवटी वाय आणि 'अनिर्दिष्ट'साठी झेड हे अक्षर. प्रशिक्षण देणाऱ्या बाई नव्या प्रणालीचा शोध किती हुशार आहे ते दाखवत होत्या. अर्धवट शब्द टाकला तरी ती ओळखते, चुकीचं स्पेलिंगही सुधारून घेते. मी 'कार्डिअ‍ॅक अरेस्ट' टाकून पाहिलं. पडद्यावर लगेच पर्याय आले, आणि त्यात शेवटी झेड असलेलाही होता. पुढच्या आठवड्यापासून नव्या रेसिडेंट डॉक्टरांना दाखला भरायला शिकवायचा तास मी मागून घेतला आहे. त्यांना सगळ्यात आधी खालची ओळ भरायला लावणार आहे.